कधीच तक्रार न करणारं रुग्णालय

१

"आता बरी कोकलतेस! परवा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

सिस्टर हे बाळाला म्हणत नव्हत्या. काचेच्या पेटीशेजारी टांगलेल्या पडद्याला म्हणत होत्या, तेही ओठातल्या ओठात. पण त्यांच्या खांद्यामागे, हात धुऊन, हिरवा झगा चढवून उभ्या असलेल्या बाईंचे कान तिखट होते.

"रोज भांडता का हिच्याशी?"

सिस्टर दचकल्या. "तुम्ही कंपनीकडून आलेल्या ना? चौकशीवाल्या? मग नीट ऐका. आमची राणीसरकार परवा निळी पडली. ह्या बयेनं सांगितलं म्हणून नाही कळलं मला, डोळ्यांनी दिसलं. मी तेव्हा मागे वळले नसते तर..." पुढचं त्यांनी गिळलं आणि उगाचच चादरीची घडी सारखी केली.

राणीसरकार पेटीत झोपल्या होत्या. वजन किलोच्याही खाली. तळपाय सिस्टरांच्या अंगठ्याएवढा. इतक्या लवकर जगात आलेली बाळं श्वास घ्यायलाच विसरतात. मधेच थांबतात. कुणी तळपायाला हलकी टिचकी मारली की आठवण झाल्यासारखी पुन्हा सुरू होतात. ती टिचकी कधी मारायची, हे वेळेवर सांगणं एवढंच त्या पडद्यामागच्या सॉफ्टवेअरचं काम. एवढंच, म्हणजे सगळंच.

"बाकीच्या बाळांचं काय झालं परवा?"

"ठणठणीत. त्या कोपऱ्यातला पहिलवान बघा, त्याच्यासाठी परवाही वेळेवर ओरडली ही. फक्त आमच्या चिमुरडीसाठी नाही." सिस्टर जरा घुटमळल्या. "एक सांगू? हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"हिच्याएवढ्या बाळांच्या वेळी ही यंत्रबाई ओरडायच्या आधी किंचित थबकते. हे टिंब लुकलुकतं बघा. नवी सून कशी म्हणते, 'थांबा हं, आत विचारून येते', तशी. परवा आत गेली विचारायला, ती बाहेर आलीच नाही."

बाई हसल्या नाहीत. त्या टिंबाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

परवा सकाळी, ऐन त्याच वेळात, आणखी दोन रुग्णालयांत हेच घडलं होतं. तिथेही सगळ्यात लहान बाळं, तिथेही उशिरा इशारा, तिथेही कुणाच्या तरी नजरेनं तारलं. आणि त्याच वेळात कंपनीनं आपलं एक दुसरंच सॉफ्टवेअर तालीम म्हणून बंद ठेवलं होतं. ह्या तीन रुग्णालयांत ते सॉफ्टवेअर कधी आलंच नव्हतं. त्याचा ह्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मग दिवा तिकडे विझवला तर अंधार इकडे कसा झाला?

२

कंपनीत बाईंना सगळे 'सासूबाई' म्हणत. अर्थात पाठीमागे. येऊन दोनच दिवस झाले होते, पण नाव चिकटायला तेवढे पुरतात. त्याला कारणही होतं. मोठ्या कंपनीनं गेल्या वर्षी आपली प्रतिस्पर्धी छोटी कंपनी विकत घेतली, तेव्हापासून दोन्ही सॉफ्टवेअरना लोक 'थोरली' आणि 'धाकटी' म्हणू लागले होते. दोन जावा. दोघी बाळांचा श्वासच ऐकणाऱ्या, दोघी एकाच कामावर हक्क सांगणाऱ्या. त्यात ही चुका शोधणारी बाई आली, सासूच ती.

बाईंना नाव ठाऊक होतं आणि आवडलंही होतं. लग्नाआधी त्या रेडिओ दुरुस्त करत, मग लिफ्ट, मग रुग्णालयांतली यंत्रं. शिक्षण किती विचारलं की म्हणत, "बरंच राहिलंय अजून."

विक्रीप्रमुख साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि फळ्यावर तीन बाण काढले.

"सोपं आहे, मॅडम. प्रतिस्पर्धी घेतला की घरात एकाच कामाच्या दोन वस्तू होतात. मग तीन वाटा. दोन्ही ठेवा, दोन्ही एक करा, नाहीतर एक बंद करा. दोन्ही ठेवल्या तर एका घरात दोन चुली. एक करायच्या तर वर्षानुवर्षं शिवत बसा. म्हणून एक बंद. सोमवारी धाकटी कायमची बंद होते, तिची रुग्णालयं थोरलीकडे येतात. गाजावाजा नाही, रडारड नाही."

"धाकटीच बंद, हे कसं ठरलं?"

"थोरली कितीतरी जास्त रुग्णालयांत आहे."

"मी कुठली चांगली ते विचारतेय."

"दोन्ही चांगल्या."

"सगळ्यात लहान बाळांसाठी?"

"मॅडम, चहा घेणार की कॉफी?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी चहा सांगितला आणि हे उत्तर मनात एका बाजूला ठेवलं.

परवाची तालीम साहेबांनीच ठरवली होती. धाकटीच्या सगळ्या रुग्णालयांना आधी कळवून त्या सकाळपुरतं थोरलीवर हलवलं होतं आणि मग धाकटी विझवली होती. त्या रुग्णालयांतल्या सिस्टरना जादा लक्ष ठेवायलाही सांगितलं होतं. तिथे काही घडलं नाही. "खरं तर हे कधीच व्हायला हवं होतं. थोरलीच्या ताईंनी तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलायला लावली. परवा त्या रजेवर होत्या, म्हटलं उरकून घेऊ."

"थोरली ज्यांनी घडवली, त्या ताई? धाकटी जाऊ घराबाहेर पडू नये म्हणून थोरलीची आईच अडून बसली होती?"

"मन मोठं आहे हो त्यांचं."

मग साहेब उठले, दार लावून आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हा घातपात आहे. धाकटीवाले काका, तिला घडवणारे. परवा पहिल्या रुग्णालयाचा फोन यायच्या आधीच त्यांनी धाकटी परत चालू केली होती. मला न विचारता, धावत जाऊन. कुठे काही बिघडलंय हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा. मग काकांनाच कसं कळलं?"

बाईंनी 'फोनच्या आधी' एवढंच वहीत टिपलं.

"सोमवारी मोठ्या साहेबांपुढे मी हेच मांडणार. काका घरी, त्यांची माणसं घरी, धाकटी कायमची बंद. तुम्ही फक्त सही करा."

३

काकांच्या खोलीत खोकी अजून तशीच पडली होती. मोठ्या घरात येऊन वर्ष झालं तरी ह्या माणसांनी सामान सोडलं नव्हतं. चार-पाच जण मान खाली घालून काम करत होते. एक मुलगी खिडकीतल्या कुंडीला पेल्यानं पाणी घालत होती. काका म्हणजे हडकुळे, मऊ बोलणारे गृहस्थ. घातपात करायचा झाला तरी आधी 'माफ करा हं' म्हणतील असे.

"आधी मला धाकटी दाखवा," बाई म्हणाल्या. "भांडण मग करू."

काकांनी पडद्यावर एका बाळाचा जुना, साठवलेला श्वास लावला. हिरवी ओळ वरखाली नाचत चालली होती. काका म्हणाले, "आता." धाकटीचं लाल चिन्ह उमटलं.

बाईंना काहीच दिसलं नाही. ओळ नाचत होती, बाळ श्वास घेत होतं. त्यांना वाटलं, चुकली ही. आणि मग, 'चुकली' म्हणून मन निश्चिंत व्हायला लागावं इतक्या वेळानं, ओळ सपाट झाली.

"पुन्हा लावा."

पुन्हा तेच. आधी चिन्ह, मग नाचणारा श्वास, मग ती सपाट रेघ.

"दुसरं बाळ."

दुसरं, तिसरं, चौथं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आयुष्यभर त्यांनी बिघडल्यावर ओरडणारी यंत्रं पाहिली होती. बिघडायच्या आधी कान टवकारणारं हे पहिलंच. आपण हळू आवाजात बोलतोय हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. "कसं कळतं हो तिला?"

"निरोगी श्वास कधी सारखा नसतो," काका म्हणाले. "एक आखूड, एक लांब, मधेच उसासा. थांबणार असला की आधी शहाण्यासारखा वागायला लागतो. एकसारखा. अगदी पुसट फरक. पाखरू उडायच्या आधी अंग चोरून घेतं ना, तसं. सगळ्यात लहान बाळांत तर तो फरक असून नसल्यासारखा. तेवढंच ऐकायला शिकलो आम्ही. दुसरं काही येत नाही आम्हाला."

बाई थोडा वेळ त्या हिरव्या ओळीसमोर देवळात बसावं तशा बसून राहिल्या. मग सासू जागी झाली.

"परवा फोन यायच्या आधी धाकटी का चालू केलीत?"

काका कुंडीवाल्या मुलीकडे बघत राहिले. "मी म्हटलं होतं साहेबांना, सगळं बंद करा, पण एक रुग्णालय सोडा. ते म्हणाले, अपवाद नाही."

"कुठलं रुग्णालय?"

"आहे एक."

"का सोडायचं होतं?"

"बाई, तुम्ही मला दोषी धरा आणि मोकळ्या व्हा."

"आणि ही तुमची माणसं? आणि ती बाळं, धाकटी बंद झाल्यावर..."

काकांचा चेहरा क्षणभर उघडला आणि मिटला. "झाकली मूठ आहे ती. पण माझी नाही. दुसऱ्याची मूठ मी कशी उघडू?"

४

धाकटीच्या तक्रारी ऐकणारी तरुणी कानावर यंत्र लावून शेंगा सोलाव्यात तशा तक्रारी सोलत होती. "हो डॉक्टर. पडदा काळा झाला? भिंतीतलं बटण बघा. नाही, त्याच्या शेजारचं. आलं? अहो, आभार कसले!" फोन ठेवून ती कपाळावर हात मारायची. "शिकलेली माणसं!"

सासूबाईंनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. "काका म्हणाले, एक रुग्णालय सोडून बाकीचं बंद करा. कुठलं असेल गं?"

"ते? ते तर सोन्यासारखं गिऱ्हाईक! काका म्हणतात, त्यांना आपण होऊन कधी फोन करायचा नाही. आणि त्यांच्यासाठी आमचं सगळ्यात दणकट यंत्र राखून ठेवलंय. बाकी कुणाचा लाड नाही एवढा."

"का? फार त्रास देतात?"

"छे! इतक्या वर्षांत एक तक्रार नाही त्यांची. 'हॅलो'सुद्धा नाही."

बाईंचा चहा ओठांशी थांबला. "कधीच नाही? कुणी पासवर्ड विसरलं नाही? कुणाला नवीन रंग आवडला नाही, असंही नाही?"

"नाही ना! म्हणून तर सोन्यासारखं."

"अगं, सोन्यासारखं नाही, भुतासारखं." बाईंनी कप खाली ठेवला. "डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, आणि तक्रार नाही? माणसं असलेली जागा कुरकुर केल्याशिवाय राहूच शकत नाही. माझी बहीण देवाकडे गेली तरी उशीबद्दल बोलेल."

कुंडीवाल्या मुलीला बोलावून त्यांनी एकच विचारलं. त्या रुग्णालयातली बाळं केवढी असतात?

मुलगी पडद्यावर शोधत राहिली. भुवया हळूहळू वर गेल्या. "सगळी किलोच्या आतली. एकसुद्धा मोठं नाही. असं कसं? आणि हे बघा... बाळ वाढत वाढत किलोपर्यंत आलं की नाहीसंच होतं."

"बरं होऊन घरी जात असेल," तक्रारीवाली म्हणाली.

"किलोभराचं बाळ कुठली आई घरी नेईल?" मुलगी बाईंकडे वळली. "बाई, मग ही बाळं जातात तरी कुठे?"

५

थोरलीचं दालन मोठं, उजळ, माणसांनी भरलेलं. बाई दारातून ताईंच्या टेबलापर्यंत सावकाश गेल्या आणि वाटेत तिघांना सहज एकच प्रश्न विचारला. सगळ्यात लहान बाळांचं थोरली कसं ठरवते हो? पहिला कळफलक पुसायला लागला. दुसऱ्याला एकदम मीटिंग आठवली. तिसरी म्हणाली, "ते ताईच बघतात," आणि असं बघितलं, की जणू बाईंनी तिच्या घरातल्या आजाऱ्याची चौकशी केली.

ताई चाळिशीच्या, चटपटीत. सगळ्यांच्या लाडक्या. त्यांच्या टेबलावर मुलीनं काढलेला वाकडा हत्ती चिकटवला होता.

"तुम्ही तारीख पुढे का ढकलत होता?"

"घाईनं काम बिघडतं म्हणून."

"परवा काकांनी तुम्हाला फोन केला होता?"

"केला होता, नंतर पाहिलं मी. मुलीच्या शाळेत होते, फोन बंद होता." ताईंनी हात टेबलाखाली घेतले. "पुढच्या आवृत्तीत सगळ्या अडचणी सुटतील. जवळजवळ झालंय."

"किती वर्षं जवळजवळ होतंय?"

ताईंनी वाकड्या हत्तीचा निघालेला कोपरा दाबून बसवला. मग हळूच विचारलं, "काका काय म्हणाले?"

"काही नाही. सगळं स्वतःवर घेणार आहेत."

ताई उठून खिडकीशी गेल्या. एका वर्षात ताईंनी आणि काकांनी उपाहारगृहात एकाच टेबलावर कितीदा जेवण केलं असेल. हवापाण्यावर बोलत, भाजीत मीठ कमी आहे म्हणत.

"त्यांना माहीत आहे?" ताईंनी काचेकडे बघूनच विचारलं. "म्हणजे... आधीपासून?"

बाईंना तेव्हा कळलं, की ह्या कोड्याचा अर्धा भाग खुद्द ताईंनाही ठाऊक नव्हता.

६

सोमवारी लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले. विक्रीप्रमुखांनी घातपात मांडला, तोही चांगला मांडला. काका बोटं जुळवून ऐकत होते. त्यांची माणसं भिंतीला टेकून उभी होती, निकालाची वाट बघत. मोठ्या साहेबांनी बाईंकडे मान वळवली.

"एक विझवली आणि दुसरी अडखळली," बाई म्हणाल्या. "म्हणजे दुसरी पहिलीवर टेकून उभी होती, एवढं उघड आहे. दोघींत वायर नाही, दार नाही, असं सगळे म्हणाले. पण वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, की लहान बाळांच्या वेळी थोरली जरा थबकते, आत विचारून येते. कुणाला विचारते?"

बाईंनी टेबलाभोवती सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"धाकटीकडे एक रुग्णालय आहे. त्याची कधी तक्रार नाही, कारण तिथे माणसंच नाहीत. तिथली बाळं किलोची झाली की नाहीशी होतात, कारण ती जात कुठेच नाहीत. आपापल्या पेटीतच असतात, थोरलीच्या वॉर्डात. तिथून पुढे थोरलीला स्वतःला ऐकू येतं, मग विचारायची गरज उरत नाही. साहेब, ते रुग्णालय नाहीच. त्या खोट्या नावानं थोरली सगळ्यात लहान बाळांचा श्वास धाकटीकडे पाठवते आणि तिचा इशारा आपला म्हणून देते. ते थोरलीनं शेजारच्या घरात उघडलेलं दार आहे. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या तेव्हापासूनचं."

विक्रीप्रमुखांचं पेन टेबलावरून घरंगळत गेलं. कुणी उचललं नाही.

"आणि काकांना हे फार पूर्वी कळलं होतं. असून नसल्यासारखा फरक ऐकणारा माणूस आहे हा. किलोवर नाहीशी होणारी बाळं त्याच्या ध्यानात येणार नाहीत? दार लावून घेतलं असतं, तर थोरली उघडी पडली असती आणि बाजार ह्यांचा झाला असता. ह्यांनी दार लावलं नाही. उलट त्या दारावर आपलं सगळ्यात दणकट यंत्र पहाऱ्याला बसवलं. म्हणून त्या सकाळी ह्यांना कुणाच्या फोनची वाट बघावी लागली नाही. धाकटी विझली तेव्हा कुठे काय होणार, हे इथे एकट्या ह्यांनाच माहीत होतं."

मोठे साहेब काकांकडे नुसते बघत राहिले. उंच डोंगर अचानक समोर आल्यावर माणूस बघतो तसे. "खरं आहे हे?"

"बाळं ती, साहेब," काका ओशाळून म्हणाले. "पेटीवर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते त्यांना वाचता येत नाही."

"तरी तालमीच्या आधीच बोलायला हवं होतं तुम्ही," बाई म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. "हवं होतं. त्याला माफी नाही."

कुणी तरी घसा खाकरला. मग एकदम सगळे बोलू लागले. विक्रीप्रमुख म्हणाले, ही जोडणी तात्पुरती दिसते. कळफलक पुसणारा म्हणाला, हा एकत्रीकरणातला एक मुद्दा आहे. कुणी म्हणालं, वेगाचा प्रश्न. कुणी म्हणालं, पुढची आवृत्ती. शब्द गोल गोल फिरत होते, मधली जागा तेवढी मोकळी ठेवून.

मोठ्या साहेबांनी तळहात टेबलावर ठेवला. "मला एका वाक्यात सांगा. धाकटी आज बंद करायची की नाही?"

सगळे बाईंकडे वळले.

"मला सांगता येईल," बाई म्हणाल्या. "पण माझ्या तोंडून तो आरोप होईल. मला आरोप करायचा नाही."

त्या खाली बसल्या आणि वाट बघू लागल्या. सासूला वाट बघता येते.

ताई उभ्या राहिल्या. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या कुंडीवाल्या मुलीकडे पाहिलं, आपल्या माणसांकडे पाहिलं आणि शेवटी काकांकडे.

"दार मी उघडलं," त्या म्हणाल्या. "थोरली शिकेपर्यंत, म्हणून. शिकवत राहिले. ती शिकत नाही हे मला दिसत होतं, माझ्या सगळ्या माणसांना दिसत होतं, आणि आम्ही रोज एकमेकांना 'जवळजवळ झालं' म्हणत होतो." त्या मोठ्या साहेबांकडे वळल्या. "सगळ्यात लहान बाळं थोरलीला ऐकू येत नाहीत, साहेब. कधीच आली नाहीत."